पडीक असण्याविषयी

मराठीत ‘पडीक’ हा शब्द दोन जागी चालतो. एक जमिनीच्या बाबतीत, आणि दुसरा कट्ट्यावरच्या पोरांच्या बाबतीत. ‘तो ना? तो दिवसभर तिथेच पडीक असतो,’ असं एखादी आई शेजारणीला सांगते तेव्हा तिच्या मनात दोन्ही अर्थ असतात. पोरगा तिथून हलत नाही, आणि त्याच्यातून काही पिकतही नाही.

हे पुस्तक अशा पडीक माणसांचं आहे. त्यांचा कट्टा मात्र इंटरनेटवर होता. इंटरनेट रिले चॅट हे त्याचं पूर्ण नाव. सगळे त्याला आयआरसी म्हणत, अजूनही म्हणतात. वेब यायच्या आधीचा हा कट्टा. इथे ‘चॅनल’ नावाच्या खोल्या असतात, खोलीच्या नावाआधी # हे चिन्ह असतं, आत शिरलेल्या प्रत्येकाला एक ‘निक’ म्हणजे टोपणनाव असतं. आणि यातले बहुतेक जण, कोणत्याही क्षणी पाहिलं तरी, काहीही बोलत नसतात. त्याला तिथल्या भाषेत ‘आयडल’ असणं म्हणतात.

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते १९९९ साली, पुण्यात, डेक्कनच्या मागच्या एका सायबर कॅफेत. रात्री अकरा ते सकाळी सहा असं ‘नाइट पॅकेज’ असायचं. दिवसाच्या दरापेक्षा खूप स्वस्त, आणि डास फुकट. समोर पांढरी खिडकी, तिच्यात मजकूर, उजवीकडे नावांचा उभा रकाना. रकान्यात दीडशेच्या वर नावं होती आणि मजकुरातली शेवटची ओळ वीस मिनिटांपूर्वीची. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग माउस हलवून पाहिला, मग काउंटरवरच्या मुलाला हाक मारली. म्हटलं, हे अडकलंय बहुतेक. त्याने मान लांब करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काही नाही, चालू आहे. सगळे आयडल पडलेत.’

दीडशे माणसं एका खोलीत आहेत, एकमेकांची नावं पाहू शकतात, आणि कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्याकडे असं फक्त मयताला किंवा परीक्षेच्या हॉलमध्ये होतं.

त्याच रात्री मी माझा पहिला प्रश्न विचारला. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मित्राच्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं होतं आणि मोडेम चालत नव्हता. इंग्रजी वाक्य आधी वहीत लिहून, दोनदा तपासून टाइप केलं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वादोनला मी त्या खोलीतून बाहेर पडलो. कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणजे एक तर प्रश्न मूर्खपणाचा असणार किंवा माझं इंग्रजी, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या रात्री त्याच खोलीत शिरलो आणि अर्ध्या मिनिटात एका अनोळखी निकने माझं नाव घेऊन पाच-सहा ओळी चिकटवल्या. आदल्या रात्रीच्या. माझ्या प्रश्नाखाली, वेळेसकट, मी गेल्यानंतर पस्तीस मिनिटांनी सुरू झालेली चर्चा होती. तिघांनी मिळून माझ्या मोडेमचं निदान केलं होतं : हा विन-मोडेम आहे, याचं अर्धं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करतं, लिनक्सवर हा चालणार नाही, बाहेर ठेवायचा सिरियल केबलचा मोडेम घे. शेवटी त्यांच्यातल्या एकाने विचारलं होतं, ‘तो आहे का?’ आणि दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘गेला. पाच मिनिटांहून जास्त थांबला नाही.’

आपण खोलीला मुकी समजलो, आणि खोली फक्त जेवायला गेली होती, हे मला तेव्हा कळलं. कोणी झोपलेलं होतं, कोणी ऑफिसात होतं, कोणी दुसऱ्या खिडकीत काम करत होतं. येता-जाता ते पडद्यावर नजर टाकायचे आणि आपल्याला येत असलेलं काही दिसलं तर बोलायचे. त्यांच्या आयडल पडण्यावरच ती मदत उभी होती. बोलायला तयार असलेलाच माणूस फक्त हजर ठेवायचा, असा नियम केला असता तर रात्री दोन वाजता तिथे चिटपाखरूही सापडलं नसतं.

आयआरसीचा जन्मही असाच थोडा पडीकपणातून झाला. यार्को ऑयकारिनेन हा फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातला विद्यार्थी. १९८८ च्या उन्हाळ्यात तो तिथल्या एका विभागात सर्व्हर सांभाळण्याच्या उमेदवारीवर होता. ते काम दिवसभर पुरत नव्हतं. उरलेल्या वेळात त्याने विभागाच्या ‘औलूबॉक्स’ या सार्वजनिक संगणकीय फलकासाठी गप्पांची सोय करायला घेतली, आणि ऑगस्टच्या अखेरीस जे तयार झालं ते आयआरसी. आयआरसीचा पहिला सर्व्हर, टोलसन, विद्यापीठातलाच. फिनलंडची माणसं मुळात अबोल, म्हणून त्यांनी काढलेल्या गप्पांच्या खोलीत लोक गप्प बसतात, असा एक विनोद मी अनेकदा ऐकला आहे. मला तो पटत नाही. गप्प बसण्याची कारणं त्या यंत्रणेच्या पोटातच आहेत, आणि ती पाहिली की फिन लोकांना बदनाम करायची गरज उरत नाही.

पहिलं कारण, आयआरसीच्या सर्व्हरला स्मरणशक्ती नाही. एखादं वाक्य आलं की त्या क्षणी खोलीत असलेल्या सगळ्यांकडे ते पोचवायचं आणि विसरून जायचं, एवढंच त्याचं काम. तुम्ही नंतर आलात तर आधी काय झालं ते तुम्हाला कोणी दाखवत नाही. ऐकायचं असेल तर तिथे असावं लागतं. म्हणून लोक निघतच नसत. बोलायचं नसलं, वाचायलाही वेळ नसला, तरी आपला क्लायंट, म्हणजे आयआरसीला जोडून देणारा प्रोग्राम, खोलीत सोडून जायचे. तो सगळं ‘लॉग’मध्ये उतरवून ठेवायचा आणि संध्याकाळी येऊन मालक ते चाळायचा. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते अशाच कोणाच्या तरी लॉगमधून.

दुसरं कारण याहून मजेदार आहे, आणि हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते त्याच्यामुळे. मे १९९३ मध्ये ऑयकारिनेन आणि डॅरेन रीड यांनी आयआरसीचे नियम आरएफसी १४५९ या दस्तऐवजात लिहून काढले. निक जास्तीत जास्त नऊ अक्षरांचं, एक संदेश ५१२ बाइटांचा, शेवटची दोन नियंत्रण-चिन्हं धरून, असलं बरंच काही त्यात आहे. (युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे मराठी माणसाच्या वाट्याला दीडशेच्या आसपास चिन्हं येतात, पण तेव्हा देवनागरी लिहिण्याची सोयच नव्हती, म्हणून तक्रारही नव्हती.) त्यात खोलीविषयी असं ठरवलेलं आहे की पहिला माणूस आत शिरतो तेव्हा खोली तयार होते आणि शेवटचा बाहेर पडतो तेव्हा ती नाहीशी होते. बंद होते असं नाही, कुलूप लागतं असंही नाही. खोली उरतच नाही. तिचं नाव, तिचा विषय, तिथे कोणाचा अधिकार होता, सगळं जातं.

याचा अर्थ आम्हाला कसा कळला ते सांगतो.

आम्हा मराठी पोरांची एक लहान खोली होती. सात-आठ जण, सगळे वेगवेगळ्या कॅफेंतून येणारे, एक जण नाशिकचा. गप्पा रोमन लिपीतल्या मराठीत, विषय क्रिकेट आणि कॉलेज. आमच्या नेटवर्कवर खोली नावावर करून घेण्याची सोय नव्हती. कॅफे अकराला बंद व्हायचे, नाइट पॅकेजवाला कोणी नसला की खोली मरायची. दुसऱ्या दिवशी जो पहिल्यांदा शिरेल त्याच्यासाठी ती नव्याने जन्माला यायची, आणि जन्म देणाऱ्याच्या निकआधी @ लागायचं. @ म्हणजे ऑप, खोलीचा पाटील. तो कोणालाही लाथ मारून, म्हणजे ‘किक’ करून, बाहेर काढू शकतो. एकदा भलतेच कोणीतरी दोघं आमच्या आधी शिरले आणि तीन दिवस आम्हाला आमच्याच खोलीत पाऊल टाकता आलं नाही. चौथ्या दिवशी ते कंटाळून गेले, खोली रिकामी होऊन विरली, मग आम्ही पुन्हा उभी केली.

पुढच्या वर्षी आमच्यातला एक जण शिकायला अमेरिकेत गेला. तिथे विद्यापीठाचं खातं, चोवीस तास चालू मशीन, आणि ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम. स्क्रीनची गंमत अशी की त्यात सुरू केलेलं काम तुम्ही निघून गेलात तरी चालू राहतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडलं की जिथे सोडलं तिथेच सापडतं. त्याने स्क्रीनमध्ये आयआरसी लावलं, आमच्या खोलीत शिरला, आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं बाहेर पडला नाही. त्याचं निक कायम होतं. तो स्वतः महिन्यातून दोन-तीनदा बोलला तर बोलला. आम्ही त्याची टिंगल करायचो. ‘देव्हाऱ्यातला नारळ’ हे त्याचं नाव पडलं होतं. पण त्या दोन वर्षांत आमची खोली एकदाही मेली नाही. सकाळी कोणीही येवो, ती आहे तशी असायची, नारळ तिला @ लावून बसलेला असायचा आणि येणाऱ्याला ऑप देण्याचं काम त्याने एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवलेलं होतं. बोलत आम्ही होतो. खोली त्याची होती, त्याच्या न बोलण्यावर उभी होती. त्याचं शिक्षण संपलं, खातं बंद झालं, आणि खोली गेली. तोवर आम्हीही पांगलो होतो. ती गेल्याचं मला काही महिन्यांनी कळलं.

इथे पैशाचाही मुद्दा आहे. फिनलंड-अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला दिवसभर जोडलेलं राहण्याचे वेगळे पैसे पडत नव्हते. आमच्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हापासून पुढची बरीच वर्षं ते तासांत मोजून मिळायचं, वर फोनचं बिल वेगळं. कॅफेत तर मिनिटं भिंतीवरच्या घड्याळावर. अशा ठिकाणी गप्प बसणं ही चैन होती. तासाचे पैसे भरलेत म्हणजे त्या तासात बोलून घ्यायचं, असा आमचा हिशेब. आमच्या भागातून येणारी माणसं त्या खोल्यांत इतकी घाईत का असत, आल्याआल्या धडाधड का बोलत, आणि उत्तर यायच्या आत का जात, याचं निम्मं उत्तर या मीटरमध्ये आहे. त्याला उतावळेपणा म्हणून हिणवणाऱ्यांना मीटर दिसत नव्हता.

आता तिसरी गोष्ट. पडीक माणूस जिवंत आहे हे सर्व्हरला कसं कळतं? बराच वेळ तुमच्याकडून काही आलं नाही की सर्व्हर एक शब्द पाठवतो : पिंग. तुमच्या क्लायंटने उत्तर द्यायचं : पाँग. उत्तर आलं नाही तर ठरावीक वेळाने तो तुम्हाला सोडून देतो आणि खोलीत सगळ्यांना दिसतं, अमुक गेला, ‘पिंग टाइमआउट’. एमआयआरसी हा खालिद मर्दम-बे याने १९९५ मध्ये आणलेला विंडोजवरचा क्लायंट. आपल्याकडच्या बहुतेक कॅफेंत तोच असे. त्याच्या बाजूच्या खिडकीत ही देवाणघेवाण दिसायची : पिंग? पाँग! प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हासकट. रात्री तीनला, खोलीत कोणी बोलत नसताना, त्या खिडकीत तेवढंच चाललेलं असायचं.

माझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आमच्यापैकी एकाने ‘हं’ म्हणत राहायचं असा नियम होता. हुंकार थांबला की आजी थांबायची. ‘झोपलात का रे?’ कोणी ‘हं’ म्हणालं की पुढे. हुंकार देणाऱ्याला गोष्टीत काही घालायचं नसतं, त्याला कदाचित ती पाठही असते. मला पिंग-पाँगचा अर्थ कोणत्याही तांत्रिक पुस्तकातून कळला नाही तितका त्या ‘हं’मुळे कळला.

पण हुंकार सर्व्हरला ऐकू येतो, माणसांना नाही. माणसांसाठी आयआरसीवर वेगळी खूण होती आणि तिने बरीच भांडणं लावली. कोणाविषयीही ‘/whois’ विचारलं की, म्हणजे ‘व्हूइज’ केलं की, त्याने शेवटचं वाक्य कधी लिहिलं त्यावरून तो किती वेळ आयडल आहे ते उत्तरात येतं. समोरचा दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर अनेकदा ही वेळ येत नसे; मग जाणकार त्याचं निक लागोपाठ दोनदा लिहीत, म्हणजे प्रश्न थेट त्याच्या सर्व्हरकडे जायचा आणि खरा आकडा यायचा. हे एकदा कळलं की माणूस बिघडतो. तुम्ही एखाद्याला खासगीत काही विचारलंय, अर्धा तास उत्तर नाही, आणि व्हूइज सांगतं की त्याने चाळीस सेकंदांपूर्वीच कुठेतरी काहीतरी लिहिलंय. म्हणजे तो आहे. तुमच्यासाठी नाही. व्हॉट्सअॅपच्या निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या तेव्हा घराघरांत जी चिडचिड झाली, तिची तालीम आम्ही १५ वर्षं आधी दोनदा निक लिहून केली होती. ‘लास्ट सीन’सुद्धा जुनंच. रॉबी पॉइंटरने डिसेंबर १९९३ मध्ये ‘एगड्रॉप’ हा बॉट, म्हणजे माणसासारखा खोलीत बसणारा प्रोग्राम, लिहिला तो खोल्यांवर कब्जा करणाऱ्या टोळ्यांपासून राखण करायला. पण त्याला अमुक निक शेवटचं कधी दिसलं ते विचारायची पद्धत पडली आणि तो लवकरच चाळीतल्या खिडकीत बसलेल्या काकूंचं कामही करू लागला.

काही सर्व्हरचालकांना पडीक मंडळी मुळीच आवडत नसत. प्रत्येक जोडणी सर्व्हरवर जागा अडवते, आणि हे लोक जागा अडवून गप्प. म्हणून काही ठिकाणी ठरावीक वेळ न बोलणाऱ्याला काढून टाकायची व्यवस्था होती. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. त्यांनी ‘अँटी-आयडल’ स्क्रिप्ट लिहिली. ती दर काही मिनिटांनी स्वतःलाच एक संदेश पाठवायची. शांतपणे गप्प बसता यावं म्हणून स्वतःशी पुटपुटत राहायचं! आज घरून काम करणारे लोक टीम्सवरचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून माउस हलवत ठेवणारं यंत्र विकत आणतात, तेव्हा मला या स्क्रिप्टची आठवण होते. फरक एवढाच की तेव्हा पहारा यंत्राचा होता, आता साहेबाचा आहे.

उलट टोकाला ‘आयडल आरपीजी’ नावाचा खेळ. त्यात एका खोलीत शिरून काहीही न करणं हाच पराक्रम. बॉट तुमच्या गप्प बसण्याचे सेकंद मोजतो आणि तुमची पातळी वाढवतो. पहिल्या पातळीला सहाशे सेकंद, पुढची प्रत्येक पातळी आधीच्या १.१६ पट. तिसाव्या पातळीवरून एकतिसाव्या पातळीवर जायला चौदा तासांच्या वर लागतात. आणि बोललात तर दंड, अक्षरांच्या हिशेबाने. तिसाव्या पातळीवर दर अक्षराला सुमारे ५१ सेकंद. रोमनमध्ये ‘नमस्कार’ लिहायला आठ अक्षरं लागतात, म्हणजे एका नमस्काराची जवळजवळ सात मिनिटं. निक बदललं, खोली सोडली, कोणी किक केलं, तरी दंड. खेळणारे शेकड्यांनी असत आणि खोलीत टाचणी पडल्याचा आवाज यावा अशी शांतता. मी हे जेव्हा जेव्हा कोणाला सांगतो तेव्हा ऐकणारा हसतो, आणि मग विचारतो, ‘जिंकल्यावर काय मिळतं?’ काही नाही. पुढची पातळी.

इथवर मी ‘पडीक’ हा एकच शब्द वापरला, पण गप्प बसणाऱ्यांचे प्रकार वेगळे आहेत आणि पुस्तकात मी ते वेगळे ठेवले आहेत. मराठी आंतरजालाने यातल्या एकासाठी फार नेमका शब्द घडवला. मायबोलीवर वावरणाऱ्यांना तो ठाऊक असेल : ‘रोमात’ असणं. रीड ओन्लीचं ‘रो’, मोडचं ‘म’, आणि त्याला आपली सप्तमी. ‘मी तीन वर्षं रोमात होते, आज पहिल्यांदा लिहितेय.’ रोमातला माणूस वाचतो, लिहीत नाही. पडीक माणूस वाचतोच असं नाही. तो नुसता असतो. इंग्रजीत पहिल्याला ‘लर्कर’ म्हणतात, त्या शब्दाला दबा धरून बसल्याचा वास आहे. ‘रोमात’ला तो नाही. उन्हात बसल्यासारखं आहे ते.

रोमातल्यांचा अभ्यास बराच झाला आहे. जेनी प्रीस, ब्लेअर नॉनेके आणि डोरिन अँड्रूज यांच्या २००४ च्या अभ्यासात न लिहिणाऱ्यांना कारणं विचारली होती. वर आलेली कारणं अशी होती की लिहायची गरज वाटली नाही. आधी मंडळी कशी आहेत ते पाहायचं होतं. सॉफ्टवेअर जमलं नाही. तिथलं वातावरण आवडलं नाही. आणि आणखी एक : न लिहून आपण मदतच करतोय, असं वाटलं. हे शेवटचं कारण वाचून मी थांबलो. दीडशे माणसांच्या खोलीत सगळ्यांनी तोंड उघडलं तर काय होईल याचा विचार करणारं कोणीतरी आहे, हे कळून बरं वाटलं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला अशी चार माणसं मिळाली तर सभा नऊच्या आत संपेल.

पण दोन कारणं त्या यादीत नाहीत, आणि ती मला जवळची आहेत. एक इंग्रजी. मी मराठी माध्यमातला. त्या खोल्यांत वाक्यं ज्या वेगाने सरकत, त्या वेगाने मला इंग्रजी सुचत नसे. म्हणून त्या पहिल्या प्रश्नानंतर मी तिथे जवळजवळ वर्षभर बोललोच नाही. त्या वर्षात मी जे लिनक्स शिकलो आणि जे इंग्रजी शिकलो, ते दोन्ही दुसऱ्यांच्या संवादातून, हातात वही धरून. गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या पोराला कोणी आळशी म्हणत नाही. माझ्या वाट्याला तंबोराही नव्हता, नुसतं बसणं होतं.

दुसरं कारण माझ्या एका मैत्रिणीचं. ती तेव्हा याहूच्या चॅटरूममध्ये जायची. आपल्याकडे बहुतेकांना चॅट म्हणजे याहूच माहीत होतं. डिसेंबर २०१२ मध्ये त्या खोल्या बंद झाल्या. मुलीचं वाटेल असं नाव घेऊन आत शिरलं की दहा सेकंदांत खासगी खिडक्यांचा पाऊस पडायचा, प्रत्येकीत तीन अक्षरं, एएसएल : वय, स्त्री की पुरुष, गाव. तिने नाव बदलून अक्षर आणि आकड्यांचं काहीतरी घेतलं आणि तोंड मिटलं. गप्पा तिला आवडायच्या, नुसत्या ऐकायलाही आवडायच्या. तिच्या गप्प बसण्याला ‘सहभागाचा अभाव’ म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा मुलीच्या नावाने तिथे तासभर काढून पाहायला हवा होता.

पडीक माणसांचं वजन किती असतं ते २०२१ मध्ये साऱ्यांना दिसलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं तेव्हाचं सर्वांत मोठं आयआरसी नेटवर्क म्हणजे फ्रीनोड. त्याच्या मालकीवरून वाद पेटला, मे महिन्यात तिथल्या स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि ‘लिबेरा’ नावाचं नवं नेटवर्क उभं केलं. त्या आठवड्यात मी दोन्हीकडे बसलो होतो. नव्या घरी जायचं की नाही यावर बोलणारे थोडेच बोलत होते, नेहमीसारखे. बाकीच्यांनी आपल्या क्लायंटमधला पत्ता बदलला आणि काही न बोलता इकडचे तिकडे झाले. उजवीकडचा रकाना रोज आखूड होत गेला. कोणी निरोपाचं भाषण केलं नाही. जूनमध्ये फ्रीनोडने आपली जुनी नोंदणी पुसून टाकली, तोवर माझ्या खोल्यांत तिथे मोजकीच निकं उरली होती. मालक विसरलेला एखादा क्लायंट कुठल्या तरी मशीनवर अजून पाँग म्हणत असावा.

आणि तरीही हा सगळा प्रकार आता उतरणीला लागला आहे, हे मी लपवणार नाही. क्वेकनेट या एकाच नेटवर्कवर २००५ च्या सुरुवातीला एका वेळी २,४०,००० हून अधिक लोक होते. तशी गर्दी आता कुठल्याच आयआरसी नेटवर्कवर नाही. लोक व्हॉट्सअॅप, स्लॅक, डिस्कॉर्डवर गेले, आणि तिथे तुम्ही नसताना झालेलं बोलणंही तुम्हाला मिळतं. चार दिवसांनी उघडा, सगळं जागच्या जागी. वाट पाहत बसायला नको, खोली सांभाळायला नको. शेवटचा माणूस झोपला तरी ग्रुप जिवंत. सोय मोठी आहे, मी रोज वापरतो. पण हजर असण्याला जे काम होतं ते गेलं. डिस्कॉर्डवर आयडल माणसाच्या नावापुढे पिवळी चंद्रकोर दिसते. छान दिसते. ती खोलीला धरून मात्र ठेवत नाही. आता हिरवा ठिपका, निळी टीक, लास्ट सीन ही माणसाची हजेरी दुसऱ्याला दाखवण्यापुरती उरली, आणि हजेरी म्हटलं की खुलासे आले. ‘ऑनलाइन होतास, मग उत्तर का नाही दिलंस?’ हा प्रश्न माझ्या आईनेही मला विचारला आहे.

या पुस्तकाविषयी आता थोडं. पुढल्या प्रकरणांचा मुख्य आधार माझे लॉग आहेत, १९९९ पासूनचे, मधली दोन वर्षं सोडून. ती एका मेलेल्या हार्ड डिस्कबरोबर गेली. लोक त्या खोल्यांत छापलं जाईल या कल्पनेने बोलले नव्हते, म्हणून सगळी निकं बदलली आहेत, आणि जे बोलणं त्या खोलीपुरतंच होतं ते घेतलेलं नाही. नारळला मी हे प्रकरण पाठवलं. दहा दिवस उत्तर आलं नाही. मग आलं : ‘वाचलं. ठीक आहे.’ त्याच्या मानाने हे दीर्घ पत्र आहे. बॉट आणि राखणीवरचं प्रकरण थोडं तांत्रिक झालंय. कंटाळा आला तर ओलांडून जा, पुढे अडणार नाही. लॉग वाचायचे कसे यावरचं प्रकरण मात्र गाळू नका. ज्या पानावर काही घडत नाही ते पान कसं वाचायचं, ते त्यात आहे.

आणि हे वाचून कोणाला प्रत्यक्ष जाऊन पाहावंसं वाटलं, तर अजून जाता येतं. लिबेरावर पैसे पडत नाहीत, क्लायंट फुकट मिळतो. एखादी खोली निवडा, आत शिरा, रकान्यातली नावं पाहा. ‘एक प्रश्न विचारू का?’ असं विचारू नका, तिथे त्याला कोणी उत्तर देत नाही. सरळ प्रश्न लिहा. आणि लिहिल्यावर निदान तासभर तिथून उठू नका.